हंगामापुरते परप्रांतीय

महाराष्ट्रातल्या उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात, हे राज्य सरकारचं धोरण १९६८ पासून कागदावर आहे. २००८ च्या नोव्हेंबरात नवा शासन निर्णय काढून ते पुन्हा पक्कं केलं गेलं. स्थानिक कोण, तर राज्यात १५ वर्षं राहिलेला. शेजारच्या गुजरातने १९९५ मध्ये आपला आकडा आणखी चढा ठेवला: कामगारांत ८५ टक्के आणि व्यवस्थापक-पर्यवेक्षकांत ६० टक्के माणसं गुजरातचीच हवीत. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले, की नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीच्या डोंगरातल्या एखाद्या पावरा कुटुंबाची जागा नेमकी कळते. एका कागदावर ते भूमिपुत्र, दुसऱ्यावर परप्रांतीय. भूमिपुत्र म्हणून ज्या कारखान्यात त्यांना नोकरी मिळायची, तो कारखाना त्यांच्या तालुक्यात नाही. आणि परप्रांतीय म्हणून जिथे त्यांना अडवायला हवं, तिथून त्यांना न्यायला दरवर्षी ट्रक येतो.

तो येतो दिवाळीच्या मागोमाग. धनत्रयोदशीच्या सुमारास सातपुड्यात अस्तंब्याची यात्रा भरते, अश्वत्थाम्याच्या दर्शनाला लोक रात्रभर डोंगर चढतात. यात्रा उतरते, मका-ज्वारी घरात येते, आणि मुकादमाने पावसाळ्यात दिलेली उचल फेडायची वेळ होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे कोयते जमले की टोळी. टोळ्या बारडोली, मढी, चलथाण, सायण, गणदेवी इकडच्या सहकारी साखर कारखान्यांवर जातात. पोरंही सोबत असतात, कारण गावात त्यांना सांभाळायला म्हातारी माणसंच उरलेली असतात, कधी तीही नसतात. ऊस तोडायला न जाणारे सौराष्ट्रात भागाने शेती करायला जातात, सुरतेत बांधकामावर जातात, वीटभट्टीवर जातात. होळीला मात्र माणूस शक्यतो घर गाठतो. काठीची होळी, भोंगऱ्या बाजार, मग पुन्हा काही आठवडे काम, आणि पावसाच्या आधी परत.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा नंदुरबार जिल्हा सहा तालुक्यांचा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार भरली. त्यात सुमारे ६९ टक्के आदिवासी. मानव विकासाच्या यादीत राज्यात तळाशी. केंद्राने २०१८ मध्ये 'आकांक्षित' म्हणून जे जिल्हे निवडले, त्यांत गडचिरोली, वाशीम आणि उस्मानाबादच्या जोडीने नंदुरबारही. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी मुद्दाम आले होते. कुठेही गेलात तरी ओळख सोबत राहील, हे त्या कार्डाचं आश्वासन. ज्या जिल्ह्यातून ते दिलं गेलं, तिथल्या माणसांना ओळख सोबत नेण्याची गरज सगळ्यांत जास्त, हे निवडणाऱ्यांच्या मनात होतं की नाही कोण जाणे.

* * *

इथे परप्रांत म्हणजे काय, हे नवापूरच्या रेल्वे स्थानकावर उभं राहून पाहावं. त्याचा एक भाग महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यात, उरलेला गुजरातच्या तापी जिल्ह्यात. मधल्या बाकड्यावर दोघं बसले तर एक महाराष्ट्रात, एक गुजरातेत. लोक तिथे हौसेने फोटो काढतात. ही गंमत तशी जुनी नाही. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य मोडलं, तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतली दीडशेहून अधिक गावं गुजरातकडे गेली. उच्छल-निझरच्या पट्ट्यात त्यांतली कितीतरी सापडतात. मावची, गामित, वसावे या आडनावांची नातीगोती हद्दीच्या दोन्ही अंगांना राहिली. लग्नं अजूनही इकडून तिकडे होतात. आजोबाच्या पिढीत मामाचं गाव असलेली जागा नातवाच्या पिढीत दुसरं राज्य झाली, आणि मामाच्या गावी मजुरीला जाणारा नातू सरकारी भाषेत 'आंतरराज्य स्थलांतरित कामगार' झाला.

जुन्या पश्चिम खानदेशात 'बाहेरचा' हा शब्द वेगळ्याच माणसासाठी होता. शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या आदिवासींच्या नावावरच्या शेतांचे सातबारे सावकाराच्या आणि मोठ्या शेतकऱ्याच्या वहीत गेले. १९७२ मध्ये उभी राहिलेली श्रमिक संघटना आणि अंबरसिंग सुरतवंती यांचं काम याच प्रश्नावर होतं. त्या चळवळीच्या रेट्यानंतर १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. म्हणजे जिल्ह्याच्या राजकीय स्मृतीत आलेल्यांविरुद्धचा राग नक्की आहे, पण तो नोकरीवरून नाही, जमिनीवरून आहे. मुंबईतल्या पक्षांचा भूमिपुत्रवाद इथे फारसा रुजला नाही, त्याचं एक कारण हे असावं.

* * *

मुंबईत हा वाद पक्षांना जन्म देतो. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली ती दक्षिण भारतीयांच्या नोकऱ्यांवर बोट ठेवून; दोन वर्षांत वसंतराव नाईकांच्या काँग्रेस सरकारने स्थानिकांना प्राधान्याचं धोरण आणलं. २००८ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन केलं, ऑक्टोबरात रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या मुलांना मारहाण झाली, आणि पुढच्याच महिन्यात विलासराव देशमुखांच्या सरकारने ८० टक्क्यांचा तो नवा निर्णय काढला. २०१९ च्या नोव्हेंबरात शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस एकत्र आले तेव्हा त्यांच्या किमान समान कार्यक्रमातही स्थानिक तरुणांना ८० टक्के नोकऱ्यांचा कायदा होता. वर्षानुवर्षं एकमेकांना 'संकुचित' आणि 'महाराष्ट्रद्रोही' म्हणणाऱ्या पक्षांनी एकाच वाक्याखाली सह्या केल्या. कायदा झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरीकडे हा प्रश्न माणसांना पक्षांत वाटून टाकतो. अमेरिकेत गॅलप संस्थेने २०२४ मध्ये विचारलं तेव्हा ५५ टक्के लोकांना देशात येणाऱ्यांची संख्या घटायला हवी होती. २०२५ च्या उन्हाळ्यात हेच प्रमाण ३० टक्क्यांवर आलं. वर्षभरात माणसांचे अनुभव एवढे बदलत नाहीत, सत्तेवरचा पक्ष बदलतो. रिपब्लिकन मतदारांना आपला अध्यक्ष आल्यावर घट कमी निकडीची वाटू लागली, डेमोक्रॅट आधीच विरोधात होते. तिथे मत पक्षामागून चालतं.

महाराष्ट्रात उलट आहे. येणाऱ्यांविषयी सगळ्या पक्षांची कागदावरची भूमिका जवळजवळ एकच, भाषेचा चढ-उतार तेवढा निराळा. आणि जाणाऱ्यांविषयी तर कुणाचीच भूमिका नाही. नंदुरबारमधून पाहिलं की ही दुसरी बाब जास्त डोळ्यांत भरते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातले मोठे नेते इथे आले. १२ मार्चला राहुल गांधींची भारत जोडो न्याय यात्रा नंदुरबारमधूनच महाराष्ट्रात शिरली. त्यांनी इथे आदिवासींसाठी संकल्प जाहीर केले: वनहक्क दाव्यांचा वर्षभरात निकाल, गौण वनोपजाला हमीभाव, ग्रामसभांना स्वशासन. १० मे रोजी नरेंद्र मोदींची सभा झाली. तिथून देशभर गेलेली बातमी होती शरद पवार आणि उद्धव ठाकरे यांना दिलेल्या सल्ल्याची, काँग्रेसमध्ये विलीन होण्यापेक्षा अजित पवार आणि एकनाथ शिंदे यांच्याकडे या. दुसऱ्या दिवशी प्रियंका गांधी येऊन गेल्या. आरक्षण, संविधान, जल-जंगल-जमीन, हे सगळे विषय खरेच होते आणि लोकांनी त्यावर मतंही दिली. १३ मेच्या मतदानात काँग्रेसचे गोवाल पाडवी यांनी भाजपच्या दोन वेळच्या खासदार डॉ. हीना गावित यांना दीड लाखाहून अधिक मतांनी हरवलं. पण ज्या जिल्ह्यातून घरंच्या घरं सहा-सहा महिने दुसऱ्या राज्यात जातात, तिथल्या प्रचारात दुसऱ्या राज्यातली मजुरी, तिथली झोपडी, तिथलं बाळंतपण हे विषय मथळ्यात आले नाहीत. मतदार ऊस तोडून नुकतेच परतले होते.

याला पक्षांची अनास्था म्हणणं सोपं आहे, पण ते पुरेसं नाही. नंदुरबारच्या राजकारणात पक्षाची रेष तशीही पातळ. माणिकराव गावित १९८१ पासून सलग नऊ वेळा काँग्रेसचे खासदार राहिले. इंदिरा गांधींपासून सोनियांपर्यंत या घराण्याचा हा आवडता जिल्हा. पण डॉ. विजयकुमार गावित राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आले आणि २०२२ मध्ये आदिवासी विकासमंत्री झाले. त्यांच्या आधी महाविकास आघाडीत तेच खातं काँग्रेसचे के. सी. पाडवी यांच्याकडे होतं, म्हणजे लागोपाठच्या दोन परस्परविरोधी सरकारांत आदिवासी खातं याच जिल्ह्याकडे राहिलं. आमश्या पाडवी उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे विधान परिषदेतले आमदार होते, ते २०२४ मध्ये शिंदेंकडे गेले. हीना गावित त्याच वर्षी विधानसभेला अक्कलकुव्यातून अपक्ष उभ्या राहिल्या. नेते पक्ष बदलतात तेव्हा प्रश्न सोबत नेत नाहीत, कार्यकर्ते नेतात. आणि गावातला मुकादम हा बऱ्याचदा कार्यकर्ताही असतो. ज्याच्या हातात उचल, त्याच्या हातात टोळीची मतं, अशी कुजबूज कुठल्याही पक्षाच्या कार्यालयाबाहेर ऐकू येते.

* * *

बारडोली हे नाव मराठी वाचकाला १९२८ च्या सत्याग्रहामुळे माहीत असतं. त्याच तालुक्यात १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि दक्षिण गुजरातभर त्याची नक्कल झाली. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६० च्या दशकापासून या भागात संशोधन करत आले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी बारडोलीच्या ऊसतोडीवर लिहिलं, तेव्हा तोडणीला येणाऱ्यांत खानदेशातले आदिवासी मोठ्या संख्येने होते. ब्रेमन यांना पडलेला प्रश्न साधा होता. बारडोलीच्या आसपास हळपती समाजाचे भूमिहीन मजूर हजारोंनी आहेत, त्यांना शेतीचं काम पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, मग एवढ्या लांबून माणसं का आणायची?

उत्तर मजुरीच्या दरापुरतं नव्हतं. बाहेरून आणलेला मजूर चोवीस तास हाताशी राहतो. त्याला संध्याकाळी घरी जायचं नसतं, नातेवाईकाच्या लग्नाला जायचं नसतं, गावच्या पंचायतीत भांडायचं नसतं. गाडी रात्री दोनला आली तर तो रात्री दोनला उठून भरतो. उचल घेतलेली असल्याने मध्येच निघून जात नाही. हंगामात मिळणारी खावटीची ज्वारी शेवटच्या हिशेबातून कापली जाते. आणि याच कारणाने स्थानिक हळपती आपलं गाव सोडून दुसरीकडे, वीटभट्ट्यांवर, मुंबईकडे कामाला जातो. तिथे तो परका होतो. म्हणजे ज्याला राजकारणात 'बाहेरच्यांनी स्थानिकांचं काम पळवलं' म्हणतात, ते इथे घडलं होतं. पण पळवणारा मजूर नव्हता, निवड कारखान्याची होती. या कारखान्यांच्या संचालक मंडळांवर काँग्रेसच्या काळात ज्या बागायतदारांचा वरचष्मा होता, त्यांचाच तो भाजपच्या काळातही राहिला.

तोडणीचा दर हा या व्यवहाराचा गाभा. गुजरात सरकारने ठरवलेला किमान दर बराच काळ टनाला २३८ रुपये होता. मजुरांच्या संघटनांनी मागणी लावून धरल्यावर २०२३ च्या सुमारास तो दुप्पट, ४७६ रुपये झाला. एक कोयता दिवसाकाठी साधारण टनभर ऊस तोडतो, म्हणजे हे पैसे दोघांचे. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असं ठरलं. बीडचा तोडणीवाला कोल्हापूरला ऊस तोडतो तेव्हा त्या टनाचे पैसे महामंडळाकडे येऊ शकतात. तळोद्याचा तोडणीवाला बारडोलीला तोडतो, तो टन कुठल्याच महाराष्ट्राच्या हिशेबात नाही.

एप्रिल २०२० मध्ये हा फरक उघडा पडला. टाळेबंदीत राज्यातल्या ३८ कारखान्यांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत अडकलेल्या सुमारे एक लाख ३१ हजार ऊसतोड मजुरांना गावी जायची परवानगी राज्य सरकारने १७ एप्रिलला दिली. त्यांची तपासणी करायची जबाबदारी कारखान्यांवर, गावात घ्यायची जबाबदारी सरपंचांवर. ही सोय महाराष्ट्रात अडकलेल्या महाराष्ट्रातल्या मजुरांची. हद्दीपलीकडे तापी-सुरतेत असलेल्यांना दोन राज्यांची परवानगी हवी होती.

* * *

गुजरातेत बाहेरच्यांविरुद्धचा राग कधी पेटत नाही असं नाही. २८ सप्टेंबर २०१८ रोजी साबरकांठा जिल्ह्यात हिंमतनगरजवळ एका चिमुकल्या मुलीवर बलात्कार झाला, आरोपी बिहारचा निघाला, आणि उत्तर गुजरात-अहमदाबादेत उत्तर भारतीय कामगारांवर हल्ले सुरू झाले. हजारो लोक गाड्या भरभरून परत गेले. भाजपने बोट दाखवलं ते तेव्हाचे काँग्रेस आमदार अल्पेश ठाकोर आणि त्यांच्या क्षत्रिय ठाकोर सेनेकडे. त्यांनी आरोप नाकारले. २०१९ मध्ये ठाकोर भाजपमध्ये दाखल झाले. हल्ल्यांच्याच सुमारास मुख्यमंत्री विजय रूपाणी उद्योगांत ८० टक्के गुजराती घेण्याचा कायदा करण्याविषयी बोलत होते. काही आठवड्यांनी गाळप सुरू झालं आणि सातपुड्यातल्या टोळ्या नेहमीसारख्या गेल्या. त्यांच्या विरोधात कुणी घोषणा दिल्या नाहीत. उसाच्या फडात कुणाची नोकरी जात नसते, आणि पडावावरच्या झोपडीत राहणारा माणूस कुणाच्या सोसायटीत खोली मागत नसतो.

सगळे खानदेशी मात्र असे अदृश्य नाहीत. सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या वस्त्यांत जळगाव-धुळ्याकडचे लोक पिढ्यांपासून स्थायिक आहेत. मुक्ताईनगर तालुक्यातल्या पिंप्री-अकराऊत गावात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीचे खासदार झाले, २०२० मध्ये गुजरात भाजपचे अध्यक्ष झाले, २०२४ मध्ये साडेसात लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून येऊन केंद्रात जलशक्ती मंत्री झाले. मुंबईत जन्मलेला एखादा गुजराती महाराष्ट्र भाजपचा अध्यक्ष झाला असता तर केवढा गहजब झाला असता, याची कल्पना वाचकाने करावी. पाटलांबाबत तसं काही झालं नाही, कारण त्यांच्यामागे सुरतेच्या मतदार यादीत नावं असलेले लोक होते. बारडोलीच्या फडातल्या वसावेचं नाव मतदार यादीत आहे, पण ती यादी अक्कलकुव्याची.

आणि अक्कलकुव्याला त्याची गरज एका दिवसापुरती असते. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला आली, दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी. राज्यातला गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला होता. ऊसतोड मजुरांना मतदान करता यावं म्हणून तो पुढे ढकला, असा आग्रह त्या वेळी राज्यात झाला. पण महाराष्ट्राने आपला हंगाम ढकलला तरी गुजरातच्या कारखान्यांना ते बंधन नाही. निकाल पाहा: अक्कलकुव्यात आमश्या पाडवी के. सी. पाडवींपुढे तीन हजारांच्या आतल्या फरकाने जिंकले, नवापुरात काँग्रेसचे शिरीष नाईक अपक्ष शरद गावितांपुढे अकराशेच्या आसपास मतांनी. एवढे फरक दहा-वीस ट्रकांचे असतात. म्हणून मतदानाच्या आदल्या रात्री गाड्या जातात, सगळ्यांच्याच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार उमेदवाराने मतदारांना केंद्रावर नेण्यासाठी वाहन भाड्याने घेणं हा भ्रष्ट आचार आहे. जिल्ह्यात यावर कुणी कुणाची तक्रार केली तर लोक हसतील.

निवडणूक आयोगाने यावर एक उपाय सुचवला होता. २०१९ मध्ये देशात मतदान ६७.४ टक्के झालं, सुमारे ३० कोटी लोक राहिले. त्यातले बरेच कामासाठी बाहेर असतात म्हणून २०२२ च्या डिसेंबरात आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान, म्हणजे सुरतेत बसून अक्कलकुव्याला मत देता येईल. १६ जानेवारी २०२३ रोजी पक्षांना प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलं. काँग्रेससह बहुतेक विरोधी पक्षांनी विरोध केला: स्थलांतरित म्हणजे नक्की कोण, दुसऱ्या राज्यात आचारसंहिता कशी लावणार, आमचे मतदान प्रतिनिधी तिथे कुठून आणायचे, यंत्रावरच विश्वास नाही. प्रश्न रास्त होते. सत्ताधाऱ्यांनीही मग विषय रेटला नाही. स्थलांतरिताचं मत जिथे तो राहतो तिथे घेण्याची घाई कुठल्याच पक्षाला नसावी, कारण गाडी पाठवली की त्या मतावर थोडा ताबा राहतो. हा अंदाज कुणाला कडवट वाटेल.

* * *

मतं पक्षावरून फाटत नसतील, तर कशावरून फाटतात? शहाद्याच्या बागायतीत चला. इथे 'मजूर मिळत नाही' हे वाक्य सगळ्या पक्षांचे शेतकरी एकाच सुरात म्हणतात. कापूस वेचायला मध्य प्रदेशातल्या खेतिया-पानसेमलकडून माणसं येतात. म्हणजे जिल्ह्याचे मजूर गुजरातेत आणि जिल्ह्यात मजूर बडवानीचे. जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, पुरुषोत्तमनगरला, नवापुरात डोकाऱ्याला. तरी लोक बारडोलीला जातात, कारण उचल एकरकमी मिळते आणि ती जून-जुलैत मिळते, जेव्हा घरात दाणा नसतो. रोजगार हमीचा दर महाराष्ट्रात २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता, गुजरातेत २८८. कागदावर तर इकडेच राहायला हवं. पण हमीचे पैसे हप्त्याने आणि उशिरा येतात, त्यावर मुलीचं लग्न होत नाही, बँकही उचल देत नाही.

त्यामुळे रोजगार हमीकडे पाहण्याची नजर पक्षापेक्षा जमिनीवरून ठरते. नंदुरबार २००६ मध्ये हमी कायद्याच्या पहिल्या टप्प्यात होता. बागायतदाराच्या मते तिने मजूर आळशी केले, डोंगरातल्या माणसाच्या मते ती कधी वेळेवर आलीच नाही. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने तिच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १२५ केले, पण पेरणी-कापणीच्या काळात वर्षातले ६० दिवस कामं थांबवण्याची तरतूदही घातली, शेतीला मजूर मिळावेत म्हणून. दिल्लीत यावर पक्षांची उभी फाळणी झाली. शहाद्याच्या कुठल्याही ओट्यावर या साठ दिवसांचं समर्थन करणाऱ्यांत काँग्रेसवालेही सापडतील.

जाणाऱ्यांसाठी कायदे होते, आजही आहेत. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच किंवा अधिक मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराला लागू होता: फोटो लावलेलं पासबुक, प्रवासखर्च, आणि स्थलांतर भत्ता म्हणून निम्म्या महिन्याची मजुरी. मुकादमाने कुणाला असं पासबुक दिल्याचं सातपुड्यात फारसं कुणी ऐकलं नाही. २०२० च्या श्रमसंहितेने तो कायदा गिळला. ती २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली. आता मर्यादा दहा मजुरांची, स्थलांतर भत्ता गेला, पण स्वतःहून जाणाऱ्यालाही व्याख्येत घेतलं. एक गोष्ट खरोखर जमली ती रेशनची. 'एक देश एक रेशन कार्ड'ची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या जोड्यांपासून झाली, त्यांत महाराष्ट्र-गुजरात होती. २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना मुदत घालून ती लागू करायला लावली. अंगठा उमटला, तर नवापूरचं धान्य बारडोलीत मिळू शकतं. ऊस तोडणाऱ्या हातांचे ठसे यंत्राला उमगतात का, हा पुढचा भाग. महिला व बालविकास खात्याने गरोदर बायका आणि लहान मुलांचा माग ठेवायला स्थलांतर नोंदीचं ॲपही काढलं, त्याच्या चाचणीच्या जिल्ह्यांत नंदुरबार होता. अंगणवाडी ताई त्यात नोंद करते. हद्दीपलीकडच्या ताईला ती दिसायला मात्र दुसऱ्या राज्याचं सरकार लागतं.

बाहेरच्यांविरुद्ध काढलेले नियम कधी कधी आतल्यांवरच येऊन पडतात. २०२५ च्या सुरुवातीला मालेगावात बांगलादेशींना उशिरा नोंदणीची जन्मप्रमाणपत्रं दिल्याच्या आरोपांवरून विशेष तपास पथक नेमलं गेलं, आणि राज्याने उशिरा जन्मनोंदणीचे नियम कडक केले. घुसखोरांविरुद्ध म्हटलं की विरोध करणं कुठल्याच पक्षाला परवडत नाही. पण जन्माची नोंद वेळेवर न होणारा माणूस महाराष्ट्रात कोण? घरी बाळंतपण झालेली अक्राणीची बाई, आणि तिच्याहून पुढे पडावावर, दुसऱ्या राज्याच्या पंचायतीच्या हद्दीत, उसाच्या वाढ्यांच्या खोपीत जन्मलेलं तिचं पोर. शाळेत दाखल होताना किंवा जातीचा दाखला काढताना त्या पोराला आपला जन्म कुठल्या राज्यात सिद्ध करायचा, याचं उत्तर तलाठ्याकडेही नसतं.

* * *

न्यायालयांनी स्थानिकांसाठीच्या कायद्यांना फार साथ दिलेली नाही. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला, पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी रद्द केला. देशात कुठेही फिरण्याचा, राहण्याचा, व्यवसाय करण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात आहे. कर्नाटकातल्या काँग्रेस सरकारने जुलै २०२४ मध्ये तसंच विधेयक मंजूर करून उद्योगांच्या ओरडीनंतर दोन दिवसांत थांबवलं. महाराष्ट्रात २०२५ मध्ये मीरा-भाईंदरमध्ये मराठी न बोलणाऱ्या दुकानदाराला मारहाण झाली, त्यानंतर मोर्चे-प्रतिमोर्चे निघाले, दोन्ही ठाकरे एका मंचावर आले. नंदुरबारच्या बाजारात या वादाची फारशी झळ नव्हती. इथे दिवसभरात अहिराणी, पावरी, मावची, गुजर बोली, गुजराती, हिंदी आणि मराठी अशी सात तोंडं बोलतात आणि मिरचीचा भाव सगळ्यांत सारखाच कळतो.

दरम्यान भांडवलही हद्द ओलांडतंच आहे. महाराष्ट्राच्या वस्त्रोद्योग धोरणातली वीजसवलत घ्यायला सुरतेच्या कापड उद्योजकांनी नवापूरच्या एमआयडीसीत जागा घेतल्या. सुरतेचा मालक नवापुरात येतो तेव्हा त्याचं स्वागत उद्योगमंत्री करतात, पक्ष कुठलाही असो. नवापूरचा मजूर सुरतेला जातो, तेव्हा त्याची नोंदही होत नाही.

नोंद होण्याची एक वेळ आता येते आहे. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे, घरोघरची मोजणी फेब्रुवारीत. ऊस तेव्हा फडात उभा असतो. होळी त्या वर्षी मार्चच्या उत्तरार्धात, म्हणजे मोजणीनंतर. २०११ मध्येही असंच होतं: ९ ते २८ फेब्रुवारी मोजणी, होळी १९ मार्चला. मोजणीच्या संपूर्ण काळात जो घरी नसेल, त्याला तो सापडेल तिथे मोजतात. म्हणजे जिल्ह्याचा १६ लाख ४८ हजारांचा तो आकडा टोळ्या वजा जाऊन आलेला आहे, आणि बारडोलीच्या पडावांवर प्रगणक पोहोचला असेल तर त्या टोळ्या सुरत जिल्ह्याच्या लोकसंख्येत धरल्या गेल्या असतील. या वेळी जातीचीही गणना आहे, आणि मतदारसंघांची फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर व्हायची आहे. अनुसूचित जमातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. हे गणित जिल्ह्यातल्या सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांना कळतं. मतदानासाठी धाडल्या जाणाऱ्या गाड्या फेब्रुवारी २०२७ मध्ये, मोजणीसाठी, कोण धाडतो ते तेव्हाच दिसेल. आणि एखाद्या पक्षाने प्रगणकाला दक्षिण गुजरातच्या पडावांची यादी करून दिली, तर जिल्ह्याच्या राजकारणात स्थलांतरावर कागदी काम झाल्याची ती पहिली वेळ ठरेल.